‘आमच्या बाबांनी कधी पगार मागितला नाही’

अंबरनाथ-बदलापूरच्या घरांत पगारवाढीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं. “पगार मागायचा नसतो रे, मान खाली घालून काम करायचं, तो वाढतो आपोआप. बाबा तीस वर्षं ऑर्डनन्समध्ये होते, साहेबापुढे कधी हात पसरला नाही त्यांनी.” ऐकणारा मुलगा ऐरोली, महापे किंवा ठाण्याच्या एखाद्या आयटी कंपनीत सहा-सात वर्षं टेस्टिंग नाहीतर सपोर्टचं काम करत असतो. वाढीचं पत्र येतं, त्यातला आकडा वाचून दोन दिवस चिडचिड होते, डब्यातल्या ग्रुपमध्ये कंपनीला चार शिव्या बसतात आणि तिसऱ्या दिवशी सगळं शांत.

बाबा साहेबाच्या केबिनमध्ये गेले नाहीत, हे खरं. पण त्यांनी मागितलं नाही, हे साफ चूक. बाबांनी मागितलं, वेळच्या वेळी मागितलं, कागदावर छापून मागितलं आणि प्रसंगी गेटवर घोषणा देऊन मागितलं. मागणारं तोंड तेवढं युनियनचं होतं.

हा सगळा पट्टाच मुळात मागण्यांचा पट्टा. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी, शहाडची सेंच्युरी रेयॉन, काडेपेट्यांची विम्को. रिक्षावाल्यांच्या तोंडी असलेला ‘विम्को नाका’ त्याच कारखान्याच्या नावाचा. खासगी कारखान्यात कराराची मुदत संपत आली की युनियन मागणीपत्र द्यायची: मूळ पगारात किती, महागाई भत्त्यात किती, घरभाड्यात किती. मग बैठका, ताणाताणी आणि शेवटी करार. ऑर्डनन्समधल्यांची तऱ्हा वेगळी. त्यांची मागणी दिल्लीत वेतन आयोगापुढे मांडली जायची. सातव्या वेतन आयोगाला केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी किमान वेतन २६,००० रुपये करा असं सांगितलं. तोवर किमान मूळ वेतन ७,००० होतं. आयोगाने नोव्हेंबर २०१५ मध्ये अहवाल दिला आणि १८,००० ची शिफारस केली. म्हणजे मागितल्याएवढं मिळालं नाहीच. पण तो आकडा कुणी हवेतून काढलेला नव्हता. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने घालून दिलेल्या निकषांवर दोन्ही बाजू हिशेब मांडत होत्या: कुटुंबाची तीन खाती माणसं, माणशी २,७०० कॅलरी, वर्षाला घरटी ७२ वार कापड. डाळ किती, दूध किती, कापड किती, याचा ताळेबंद दोघांच्याही टेबलावर.

आयटीतल्या मुलाने वडिलांकडून मौनाचा वारसा घेतला, पण मागणीपत्र लिहिणारी युनियन काही त्याच्याबरोबर लोकलमध्ये चढली नाही. पुण्याची ‘नाइट्स’ ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना अलीकडे धडपडते आहे. इन्फोसिसच्या मैसूरमधल्या प्रशिक्षणार्थींना २०२५ च्या फेब्रुवारीत काढलं, तेव्हा तिने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे धाव घेतली. पण तीन वर्षांचा वेतनकरार ही चीज आयटीत जवळजवळ कुणी पाहिलेली नाही. तिथे प्रत्येकजण आपापल्या पगाराचा एकटा पुढारी, आणि बहुतेक पुढारी मुके.

या मुकेपणाला तात्त्विक मुलामा देणारं वाक्य म्हणजे “आपलं काम बोलतं”. ते फक्त बदलापुरात बोललं जातं असं नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेत फिनिक्स इथे ‘ग्रेस हॉपर’ या संगणकक्षेत्रातल्या स्त्रियांच्या मेळाव्यात मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला यांना विचारण्यात आलं, की ज्या बायकांना पगारवाढ मागायला संकोच वाटतो त्यांनी काय करावं? व्यवस्थेवर विश्वास ठेवा, ती योग्य वाढ देईल, न मागणं हेही एक प्रकारचं चांगलं कर्मच, अशा आशयाचं उत्तर त्यांनी दिलं. त्याच दिवशी गदारोळ उठला आणि त्याच दिवशी त्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना लिहिलं, की माझं उत्तर चुकलं. वाढ मिळायला हवी असं वाटत असेल तर सरळ मागा. जगातल्या बड्या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रमुखाला जे मत संध्याकाळपर्यंत टिकवता आलं नाही, ते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे.

काम बोलत नाही, याचं कारण कामाचा अपमान होतो असं नाही. आयटीतलं चांगलं काम दिसतच नाही, हे कारण. सर्व्हर पडला की अख्खी कंपनी कॉलवर येते. वर्षभर पडला नाही, तर त्याचं श्रेय सर्व्हरला. शिवाय वाढ ठरते ती जागा वेगळीच. बहुतेक सर्व्हिस कंपन्यांत मॅनेजरकडे टीमपुरती ठरलेली रक्कम असते. रेटिंगच्या बैठकीत पाच-सहा मॅनेजर एकत्र बसतात, प्रत्येकाला आपल्या दोघा-तिघांना वरच्या खणात बसवायचं असतं आणि खण मोजके. मायक्रोसॉफ्टने माणसांची अशी उतरंड लावणं २०१३ च्या नोव्हेंबरात बंद केलं, पण टक्क्यांची कमान अनेक ठिकाणी या ना त्या नावाने राहिलीच. त्या बैठकीत कर्मचारी नसतो. त्याच्या वतीने बोलणारा मॅनेजर असतो आणि मॅनेजरला बारा जणांपैकी या एकाने गेल्या महिन्यात काय केलं तेवढंच आठवत असतं. काम बोलायला कुणीतरी त्याचे शब्द आधी लिहून द्यावे लागतात.

आता दुसरं टोक. काहीजणांना संकोच वगैरे नसतो, त्यांची शाळा उल्हासनगरची. गजानन मार्केटात बाराशे सांगितलेला ड्रेस सहाशेवर आणणारी माणसं. त्यांचा सल्ला असा, की दुप्पट सांगायचं, अर्ध्यावर तुटतं. फाळणीनंतर कल्याण कॅम्पच्या बराकींत येऊन पडलेल्या सिंधी निर्वासितांनी जे शहर व्यापारावर उभं केलं, १९४९ मध्ये ज्याचं नाव उल्हासनगर ठेवलं गेलं, त्या शहरापासून भाव करणं जरूर शिकावं. पण मग नीट शिकावं. तिथली मुरलेली गिऱ्हाईक बाई दुकानात तोंड उघडण्याआधी पाच दुकानं फिरून आलेली असते. तिला चालू भाव ठाऊक असतो, म्हणून तिच्या ‘सहाशे’ला वजन असतं. दुसरं म्हणजे गल्ल्यावर मालक बसलेला असतो. त्याने मान डोलावली की सौदा मिटला. मॅनेजर हा गल्ल्यावरचा मालक नव्हेच. तोही पगारीच, त्याचीही वाढ कुणीतरी कापलेली. त्याला चाळीस टक्के सांगितले की तो वर जाऊन काय सांगणार? आणि दुकानदाराचं तोंड पुन्हा पाहायची गरज नसते, मॅनेजरचं दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या कॉलवर पाहायचं असतं.

भाव विचारून येण्याची ही गोष्ट कामगार कायद्यात फार जुनी. कामगारांच्या वेतनाचे तंटे सोडवताना सर्वोच्च न्यायालयाने दोन कसोट्या पुन:पुन्हा लावल्या. एक, त्याच उद्योगात त्याच प्रदेशात इतर आस्थापना काय देतात. दोन, मालकाची ऐपत किती. या दोन्ही कसोट्या आजच्या टेस्टरला जशाच्या तशा उपयोगी आहेत आणि तो दोन्ही चुकीच्या लावतो. तुलनेला तो बेंगळुरूच्या प्रॉडक्ट कंपनीतल्या कॉलेजमित्राचा आकडा घेतो. प्रदेश चुकला आणि उद्योगही चुकला! बदलापूरच्या माणसाचा प्रदेश म्हणजे त्याला रोज जाता येईल अशा जागा: ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे, फार ताणलं तर पवई आणि विक्रोळी. उल्हासनगर-अंबरनाथमध्ये कारखाने आहेत, पण आयटी पार्क नाहीत. त्या पट्ट्यात त्याच अनुभवाला, त्याच कामाला, त्याच दर्जाच्या कंपन्या काय देतात, ते जुने सहकारी, ओळखीचे रिक्रूटर आणि प्रत्यक्ष दिलेल्या दोन मुलाखती यांतून कळतं. ऐपतीचं म्हणाल, तर शेअर बाजारात नोंदलेली प्रत्येक कंपनी दर तिमाहीला आपली ऐपत स्वतःच जाहीर करते. युनियनचा सेक्रेटरी ताळेबंद वाचायचा. सॉफ्टवेअरवाला, ज्याचा दिवसच आकड्यांत जातो, तो आपल्या कंपनीचा तिमाही निकाल वाचत नाही.

“दुसरी ऑफर आणून टेबलावर आपट, त्याशिवाय यांना समजत नाही” हा तिसरा पक्ष. २०२२ साली तो बरोबर होता. त्या वर्षी जूनच्या तिमाहीत इन्फोसिसमध्ये नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेलं होतं, सप्टेंबरच्या तिमाहीत टीसीएसमध्ये २१.५ टक्क्यांवर. माणूस गेला तर दुसरा मिळत नव्हता. पेपर टाकायचा अवकाश, एचआरचा फोन यायचा. नंतर वारं फिरलं. टीसीएसमधलं हे प्रमाण २०२५ च्या जूनमध्ये १३.८ टक्के होतं. शिवाय नव्वद दिवसांच्या नोटीस पीरिअडमध्ये तिकडची ऑफर मागे घेतली गेली तर? विप्रोने २०२३ च्या फेब्रुवारीत साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या नवख्यांना साडेतीन लाखांवर येता का असं विचारलं होतं, हे विसरायला नको. खरोखर जायचं असेल तर ऑफर जरूर आणावी. नुसता धाक घालायला आणलेली ऑफर म्हणजे बंदूक रिकामी, आणि समोरच्यानेही बंदुका पाहिलेल्या.

सगळ्यांत कळवळ्याचा आणि सगळ्यांत निरुपयोगी युक्तिवाद मात्र गरजेचा. फ्लॅटचा हप्ता वाढला, मुलीची शाळा, आईची औषधं, आणि बदलापूरहून रोज दोन-दोन तासांचा प्रवास. हे सगळं खरं असतं. सीएसएमटीपासून सुमारे ६८ किलोमीटरवर घर घेतलं ते हौसेने कुणी घेतलेलं नाही. तिथेच परवडत होतं. ऐरोलीला जायचं तर आधी ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरला गाडी बदला. कळवा-ऐरोली जोडमार्ग झाला असता तर ही बदलाबदल टळली असती, पण त्यातलं दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं आणि जोडमार्ग तिथेच रेंगाळला. पण यातलं काहीही कंपनीच्या हिशेबात बसत नाही. शेजारच्या टेबलावरचा घणसोलीत राहतो म्हणून त्याला कमी द्यावं, असं कुणी म्हणेल का? महागाईचा आकडा तर दुधारी. २०२४-२५ मध्ये किरकोळ महागाई सरासरी ४.६ टक्के होती, म्हणजे चार टक्क्यांची वाढ ही कपातच, असं म्हणता येत होतं. पण २०२५ च्या ऑक्टोबरात तोच दर ०.२५ टक्क्यावर उतरला. त्या महिन्यात महागाईचं रडगाणं घेऊन जाणाऱ्याला मॅनेजरने मोबाइलवर तो आकडा दाखवला असता, तर काय उत्तर होतं?

बाबांच्या युनियनने गरजेचा हिशेब मांडला आणि तो चालला, कारण मागे हजारो माणसं होती. एकट्या माणसाने तो घरी मांडावा, आपल्याला किमान किती हवं ते ठरवण्यासाठी. केबिनमध्ये नेऊ नये.

उरला तो भित्रा पक्ष: “बाजार वाईट आहे, एआय आलंय, गप्प बस.” याला धुडकावून लावता येत नाही, कारण भीती खरी आहे. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे बारा हजार माणसं कमी करणार असल्याचं सांगितलं. त्याआधी जूनमध्ये वर्षातले २२५ दिवस बिलिंगवर आणि बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, जास्तीत जास्त ३५ दिवस, असा नियम आला होता. पण त्याच कंपनीने, पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, सुमारे ८० टक्के कर्मचाऱ्यांना १ सप्टेंबरपासून वाढ देत असल्याचंही जाहीर केलं. एकाच घरात एका खोलीत सामान बांधणं आणि दुसऱ्या खोलीत मिठाई. अशा वेळी गप्प बसणारा वाचतो याला पुरावा काय? जो बेंचवर आहे त्याने वाढ मागू नये, आधी प्रोजेक्ट मागावा, हे ठीक. पण ज्याच्या नावाने दर महिन्याला क्लायंटला बिल जातं, त्याने बाजाराकडे बोट दाखवून स्वतःचं तोंड शिवण्यात शहाणपण नाही.

बायकांच्या बाबतीत आणखी एक पालुपद आहे: त्या मागतच नाहीत. लिंडा बॅबकॉक आणि सारा लॅशेव्हर यांच्या २००३ च्या पुस्तकाने ही समजूत जगभर नेली. २०१८ मध्ये आर्ट्झ, गुडॉल आणि ऑस्वाल्ड यांनी ऑस्ट्रेलियातल्या कर्मचाऱ्यांची माहिती तपासली, तर बायका पुरुषांइतक्याच वेळा मागत होत्या. मिळत मात्र पुरुषांना २० टक्के वेळा होतं आणि बायकांना १५ टक्के. म्हणजे मागितलं की मिळतंच, असं सांगणाऱ्यालाही चाप बसला. मागणं हे तिकीट आहे, सीट नव्हे; कर्जतहून आलेली लोकल सकाळी बदलापूरला गाठणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

मग मागायचं कसं? बाबांच्या मागणीपत्रासारखं, फक्त एका माणसाचं. आणि त्याची सुरुवात होते ती आपल्याच पगाराची चिठ्ठी वाचता येण्यापासून, जी वाचता न येणारे इंजिनीअर डझनाने सापडतील. धरा, सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर पडणारा वर्षाचा एकूण खर्च, नऊ लाख. त्यात दहा टक्के व्हेरिएबल, म्हणजे नव्वद हजार, मिळाले तर मिळाले. मूळ पगार निम्मा धरू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने भत्त्यांचा फुगवटा तसाही निम्म्याच्या आत आणला आहे. साडेचार लाखांच्या मूळ पगारावर कंपनीचा पीएफ ५४,००० आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, म्हणजे साधारण २१,६००. हा ४.८१ चा चमत्कारिक आकडा येतो वर्षाला पंधरा दिवसांच्या पगारातून, महिना सव्वीस दिवसांचा धरून. हे सगळं सीटीसीत धरलेलं, हातात न येणारं. आणि कायम नोकरीतला माणूस पाच वर्षांआधी सोडून गेला, तर ग्रॅच्युइटी सहसा कधीच न येणारी. त्यातून स्वतःचा पीएफ आणि दोनशे रुपये व्यवसाय कर गेला की हातात सुमारे ५६,५०० उरतात. आता आठ टक्के वाढ झाली. पत्रावर वर्षाला ७२,००० दिसतात, महिना सहा हजार. खात्यात जास्तीचे येतात साडेचार हजार. म्हणून “मला दहा टक्के हवेत” हे वाक्यच अर्धवट. कशाच्या दहा टक्के? व्हेरिएबलच्या वाट्यातले की फिक्स्डमधले? फिक्स्डवर बोट ठेवणाऱ्याला समोरचा जरा सावरून बसूनच उत्तर देतो.

दुसरा कागद कामाचा. एकच पान, आणि त्यात विशेषणं नकोत. “मी प्रोजेक्टसाठी खूप मेहनत घेतली” ही ओळ बैठकीत कुणी वाचून दाखवणार नाही. त्याऐवजी: “रात्रीचा रिपोर्ट तयार व्हायला सहा तास लागायचे, क्वेरी बदलल्यावर पावणेदोन लागतात, जूनपासून त्या कामासाठी पहाटेचा एकही कॉल आला नाही.” ही ओळ मॅनेजर जशीच्या तशी उचलू शकतो. अशा चार ओळी वर्षअखेरीला आठवत नाहीत, म्हणून महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी परतीच्या गाडीत, जागा मिळाली तर, मोबाइलवर टिपून ठेवाव्यात. क्लायंटची शाबासकीची मेल स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करण्याचा मोह मात्र आवरावा. कंपनीची माहिती बाहेर पाठवली म्हणून वाढीऐवजी चौकशी मागे लागायची. तारीख आणि विषय लिहून ठेवला तरी पुरतो.

आणि वेळ. एप्रिलमध्ये पत्र हातात पडल्यावर मागायला जाणं म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडणं. मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपनीत रेटिंगचं बोलणं जानेवारी-फेब्रुवारीत पक्कं होत असतं. तेव्हा विषय काढायचा तो दिवाळी झाली की. पण वेळापत्रकं हल्ली सरकतात. २०२५ मध्ये इन्फोसिसने वाढ जानेवारी आणि एप्रिल अशी दोन टप्प्यांत दिली, टीसीएसने एप्रिलची सप्टेंबरवर नेली. आपल्या कंपनीचं यंदाचं पंचांग कोणतं, हे मॅनेजरलाच विचारण्यात कमीपणा कसला?

प्रत्यक्ष बोलणं दहा मिनिटांचं असतं आणि त्यात एक वाक्य ठरलेलं असतं. “अरे, तुझं काम चांगलंच आहे, पण यंदा बजेटच नाही.” इथे बहुतेकजण “ठीक आहे सर” म्हणून उठतात. न उठता विचारावं: “समजलं, सर. मग पुढच्या ग्रेडला जायला माझ्यात नेमकं काय कमी आहे, आणि ते मी जूनपर्यंत केलं तर पुन्हा बोलता येईल का?” पैसे नसतील तर इतर गोष्टी असतात: ग्रेड, पदाचं नाव, सर्टिफिकेशनची फी, रात्रपाळीतून सुटका, दोन दिवस घरून काम. टीसीएससारख्या ठिकाणी ऑक्टोबर २०२३ पासून पाचही दिवस ऑफिस असल्याने तिथे शेवटची मागणी फुकट. पण जिथे मिळते तिथे बदलापूरच्या माणसाचे आठवड्याला आठ तास वाचतात, आणि ज्या प्रवासाचं रडगाणं केबिनमध्ये चालत नाही, तो असा मागच्या दाराने हिशेबात येतो.

युनियनच्या बैठका संपल्या की इतिवृत्त लिहिलं जायचं आणि दोन्ही बाजूंच्या सह्या व्हायच्या, कारण तोंडी शब्द पुढच्या बैठकीपर्यंत वितळतो हे त्या लोकांना माहीत होतं. एकट्या माणसाकडे सहीचं रजिस्टर नसतं, मेल असते. ती त्याच संध्याकाळी, लॅपटॉप बंद करण्याआधी, ऑफिसच्याच खात्यावरून जावी. आभार, मग तीनच ओळी: आज काय बोलणं झालं, मॅनेजरने कोणत्या दोन गोष्टी करायला सांगितल्या, आणि पुन्हा बसायची तारीख कोणती ठरली. मॅनेजरने उत्तरात नुसतं ‘ओके’ लिहिलं तरी चालेल.